वाळूवरचा गाळ

मे महिना लागला तरी कानेमात्सुच्या कमरेतली उसण गेली नव्हती. चहाच्या मांडवावर चढून पेंढा पसरायचं काम त्या घरात पुरुषांनीच केलेलं. बांबूच्या आडव्या दांड्यांवर पाय रोवायचे, अंथरलेल्या बोरूच्या चटया फाटणार नाहीत असा तोल सांभाळायचा आणि पेंढी सोडून मुठीमुठीनं सारखा थर द्यायचा. मूठ जास्त पडली की खालचं झुडूप गुदमरतं, कमी पडली की ऊन लागून पान जाड होतं. यंदा वर नुई चढली होती. बेचाळिशीची बाई, कमरेला दोरी आवळलेली, पायात नवऱ्याचे कापडी बूट. बूट मोठे होते, म्हणून टाचेत चिंध्या कोंबलेल्या.

खाली सासू उभी होती. तोकुनं सत्तरी ओलांडली होती. बांबूच्या आकड्यानं ती पेंढ्या वर सरकवत होती आणि नजर सुनेच्या पायांवर ठेवून होती.

"डावीकडं उघडं राहिलंय."

नुईनं डावीकडं मूठभर पेंढा टाकला.

"माझ्या डावीकडं म्हणतेय मी. तू तोंड तिकडं करून उभी आहेस ना."

"मग तसं सांगा की, आई."

"सांगायला कशाला लागतंय. दिसायला पाहिजे माणसाला."

कानेमात्सु बांधावर पालथ्या टोपलीवर बसला होता. मधेच उठायला बघायचा, गुडघ्यांवर हात टेकायचा आणि तसाच परत बसायचा. बांधावरून जाणारे शेजारी थांबून हवापाण्याचं बोलायचे, मग वर मांडवावर त्याची बायको दिसली की नजर दुसरीकडं वळवायचे. त्यातल्या एकानंही काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं, असं कानेमात्सुला वाटायचं.

ही जमीन किझु नदीच्या पात्राला लागून, निव्वळ वाळूची. वाळूत पाणी ठरत नाही, खत ठरत नाही. मासळीची पेंड घाला, मोहरीची पेंड घाला, दोन पावसांत सगळं खाली. पण त्या वाळूतून जे पान निघायचं ते पातळ, मऊ आणि असं हिरवं की प्यायला दळून पूड केल्यावर वाटीत नवा पोपटी रंग ओतल्यासारखं दिसावं. वास जवळजवळ नाहीच. चव मात्र जिभेवर हळूच बसायची आणि उठायला तयार नसायची. डोंगरातल्या चहाचं याच्या उलट. तिथं वास आधी घरात शिरतो, मग चव, आणि घोट गिळल्यावर मागं थोडा कडूपणा राहतो. उजीच्या चहापेठेतले पारखी डोळे मिटून सांगायचे, हे काठावरचं, हे वरचं. उजीच्या एका जुन्या पेढीत कानेमात्सुच्या आजापासून या शेतातलं पान जात होतं. एका मठाला लागणाऱ्या चहात ते पडायचं, आणि त्या मठाला दरसाल तीच चव लागायची.

नुई वरची. ओकुदानी या डोंगरगावची, चार कोसांवरची. लग्न होऊन आली तेव्हा घरचा चहा पिऊन ती म्हणाली होती, याला वासच नाही. ते वाक्य तोकु बावीस वर्षं विसरली नव्हती.

गेल्या ऑगस्टात डोंगरात पाऊस कोसळला. लढाई संपून आठ वर्षं झाली होती. लढाईत लाकडासाठी उघडे बोडके केलेले उतार एका रात्रीत खाली आले. ओकुदानीत नुईच्या माहेरचा चहाचा उतार, वाफेची शेड आणि शेडमध्ये पान झाकायला गेलेला तिचा बाप, तिन्ही एकदमच गेले. बाप सापडला नाही. खाली नदीनं वाट सोडली आणि ओसरली तेव्हा कानेमात्सुच्या वाळूवर गुडघाभर तांबडा गाळ बसला होता.

तो गाळ तिघांनी हिवाळाभर उपसला. फावड्यानं टोपलीत, टोपली खांद्यावरच्या काठीला, आणि बांधापलीकडं. गाळात काय काय निघायचं. लाकडी खडावेचं एक पाऊल, फुटका घडा, मुळासकट उपटलेलं चहाचं झुडूप. प्रत्येक वेळी फावडं कशाला लागलं की नुईचा हात थांबायचा. ती वाकून बोटांनी चाचपायची, दगड आहे हे कळलं की पुन्हा फावडं मारायची. कानेमात्सुला हे दिसत होतं. तो तिच्यापुढच्या ओळीत जाऊन आधी आपण खणायला लागला. जानेवारीत गोठलेल्या गाळाचं ढेकूळ उचलताना त्याच्या कमरेत लखकन चमकलं आणि तो तिथंच आडवा झाला.

त्याच दिवशी संध्याकाळी, टोपल्या वाहून खांदा सोललेली तोकु म्हणाली, "लग्नात काही आणलं नव्हतंस. आता माहेरचा अख्खा डोंगरच पाठवून दिलास."

म्हटल्यावर तिला स्वतःलाच ते ऐकू आलं. नुई भात वाढत होती. तिनं वाढणं थांबवलं नाही. तोकुनं आपल्या पुढ्यातला खारवलेल्या माशाचा तुकडा उचलून सुनेच्या भातावर ठेवला. नुईनं तो खाल्ला. त्यापुढं तो विषय घरात निघाला नाही.

कानेमात्सु पडल्यावर उपसा अर्ध्यावरच राहिला. नदीकडच्या ओळी मोकळ्या झाल्या, बांधाकडच्या ओळींतला वरचा थर तेवढा निघाला, झुडपांच्या बुडाशी वीतभर गाळ तसाच राहिला. वसंतात त्या झुडपांना इतरांपेक्षा जोमदार धुमारे फुटले, तेव्हा तिघांनाही वाटलं, चला, निभावलं.

मे संपता संपता खुडणी सुरू झाली. मांडवाखाली दिवसाही दिवेलागणीसारखा उजेड. गावातल्या अकरा बाया डोक्याला फडकी बांधून ओळींत बसल्या. कमरेची टोपली, दोन बोटांच्या पेरांत धुमारा धरायचा आणि नखानं न तोडता नुसता मोडून घ्यायचा. दुपारपर्यंत बोटं काळी पडतात, पाठ लाकूड होते. पेंढ्यातून झिरपून पावसाचं पाणी मानेवर टपटपत राहतं.

बांधाकडच्या ओळीतली एक म्हातारी बाई म्हणाली, "नुई, तुझ्या इथलं पान जाड का गं लागतंय बोटाला?"

"रात्री पाऊस झाला ना, ओलं आहे."

"ओलं पान काय आज बघतेय होय मी."

नुईनं तिच्या टोपलीतलं पान उचलून दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. मग परत टाकलं.

त्याच दुपारी गेन्ता आला, नुईचा थोरला भाऊ. गेले काही महिने तो डोंगरातून सरपण घेऊन बैलगाडीनं खाली यायचा, उजीच्या वाटेवर विकायचा आणि रिकाम्या गाडीनं परत जायचा. आज सरपणाच्या वर ओल्या गोणपाटात बांधलेली दोन गाठोडी होती. उतार गेला तरी एका कोपऱ्यात चाळीसेक झुडपं उरली होती, त्यांचं पान. ओकुदानीत भट्टी उरली नव्हती.

"भावोजी, तुमच्या पाळीत तेवढं वाफवून वाळवून द्याल का? वेगळंच. एवढंसं आहे."

कानेमात्सुनं आईकडं पाहिलं. तोकु म्हणाली, "आमचं झाल्यावर. आणि वाफवायच्या गाळण्या धुऊन मग. वास लागतो."

गावच्या सामाईक भट्टीवर कानेमात्सुच्या घरची पाळी दिवे लागायच्या आत संपली. मग नुईनं गाळण्या धुतल्या, पात्रं धुतली, आणि भावाची दोन गाठोडी निराळी वाफवली. विटांच्या भट्टीतून पान वाळून निघालं तेव्हा भट्टीवरच्या माणसांनी माना वर केल्या. वासच तसा होता. गेन्तानं ते डब्यात भरलं, डबा गाडीत ठेवला आणि तो गेला. जाताना पाचसहा जणांनी पाहिलं. गाठोडी येताना दिसली तेवढं सगळ्यांच्या ध्यानात राहिलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेढीचा पारखी आला. हिगुची नाव, साठीचा, किडकिडीत, पांढऱ्या मोज्यांचा. दरसाल यायचा तसा ओसरीवर बसला. फडक्यातून पाच पांढऱ्या वाट्या काढून ओळीनं मांडल्या. चारांत यंदाचं पान चिमूट चिमूट टाकलं, पाचवीत बरोबर आणलेलं गेल्या सालचं. तोकुनं उकळतं पाणी आणलं. तो पाणी ओतून थांबला, मग बारीक जाळीच्या पळीनं भिजलेलं पान उचलून नाकाशी नेलं. पहिली वाटी. दुसरी. तिसरीवरून तो परत पहिलीवर आला.

कानेमात्सु गुडघ्यांवर बसला होता. तसं बसल्यानं कमरेत सुरी फिरत होती, पण पाहुण्यासमोर पाय मोकळे करता येत नव्हते.

हिगुचीनं पळी खाली ठेवली. "रंग दबलाय."

"पाऊस होता, साहेब. खुडणीच्या वेळी."

"पावसानं रंग दबेल. वास कुठून येईल?" त्यानं तिसरी वाटी कानेमात्सुकडं सरकवली. "घ्या की. तुमचंच पान आहे."

कानेमात्सुनं वास घेतला. त्याला तो आधीच माहीत होता.

"हे डोंगरातलं आहे," हिगुची म्हणाला. आवाज चढवला नाही. "सगळं नाही. पण आहे. आता वाटेत दोन ठिकाणी माझ्या कानावर आलं, की भट्टीवर वरची गाठोडी आली होती. मी म्हटलं, त्या घरात असं होणार नाही. माझ्या मालकांनी तुमच्या वडलांवर कधी संशय घेतला नव्हता."

"ते वेगळं वाफवलं. माझ्या मेव्हण्याचं होतं."

"वेगळं वाफवलं असेल."

एवढंच. हिगुचीनं वाटी उचलून पाणी अंगणात ओतलं, वाटी फडक्यानं पुसली. तोकु सुनेकडं बघत होती. त्या बघण्यात काय आहे ते नुईला चांगलं कळलं: सासूला खात्री नव्हती. इतक्या वर्षांत एका खोलीत झोपून, एका पाण्यात न्हाऊन, अजून खात्री नव्हती.

नुई उठली, अंगणात गेली आणि भिंतीला टेकवलेलं फावडं घेतलं.

"साहेब, शेतावर चला."

"बाई, मला पुढं दोन गावं घ्यायची आहेत."

"वाटेवरच आहे."

कानेमात्सु म्हणाला, "अगं, राहू दे." पण तोवर ती रस्त्याला लागली होती. फावडं हातात घेऊन बाई पुढं, पांढऱ्या मोज्यांचा पारखी मागं, त्याच्या मागं काठी टेकत नवरा आणि सगळ्यांत मागं म्हातारी. रस्त्यात बाया थांबून बघत राहिल्या.

खुडणीनंतर झुडपं छाटली होती, मांडवावरच्या चटया गुंडाळून ठेवल्या होत्या. ऊन सरळ जमिनीवर पडत होतं. बांधाकडच्या ओळीत नुई गुडघ्यांवर बसली. बुडाशी फावडं नीट धरून तिनं एक उभा काप घेतला आणि माती बाजूला काढली.

"बघा."

हिगुची वाकला. वर वीतभर तांबडा गाळ, त्याखाली एकदम करडी वाळू, सुरीनं कापल्यासारखी रेघ. जुनी जाड मुळं वाळूत सरळ खाली गेली होती. पण वरच्या गाळात पांढरी, केसासारखी नवी मुळं पसरली होती. दाट. वाळू सोडून ती वर आली होती, गाळाकडं.

"आम्ही काही मिसळलं नाही," नुई म्हणाली. "नदीनं मिसळलं. या ओळी उपसायच्या राहिल्या. ह्यांची कमर गेली."

हिगुचीनं पायातले मोजे काढले, बांधावर ठेवले आणि अनवाणी ओळीत उतरून खड्ड्यात हात घातला. गाळाचा खडा उचलून कुस्करला, वास घेतला, जिभेच्या टोकाला लावला. मग थुंकला.

"कुठल्या बाजूचा हा?"

"ओकुदानीचा असेल. तिथली तांबडी अशीच. माझं माहेर तिथलं."

"तिथं बरीच माणसं गेली."

"हो."

कानेमात्सु मागून म्हणाला, "हिचे वडील गेले, साहेब. मिळाले नाहीत."

हातातली माती हिगुचीनं खड्ड्यात न टाकता कडेला हळूच ठेवली. उठताना त्यानं नुईला डोकं खाली करून नमस्कार केला, चांगला वाकून, शेतात, उन्हात. "मी बोललो ते परत घेतो, बाई. वाटेत ज्यांनी मला सांगितलं त्यांनाही सांगेन."

तोकुनं सुस्कारा सोडला. कानेमात्सुचा चेहरा सैल झाला.

"पण हे पान त्या चहात घालता येणार नाही मला," हिगुची पुढं म्हणाला. "तुम्ही खरे आहात. मठातल्या माणसाला ते कसं कळणार? तो वाटी तोंडाला लावेल आणि म्हणेल, हा आमचा नाही. नदीकडच्या ओळींचं तेवढं वेगळं ठेवलंय का?"

ठेवलेलं नव्हतं. सगळं एकत्र वाफवलं होतं, दरसालसारखं.

"मग सगळं साध्यात जाईल. बिननावाचं. वाईट नाही ते, कुणाला तरी आवडेलही. वासाचा चांगला आहे." तो मोजे चढवत होता. "गाळ काढून टाका. ही वरची मुळं तुटतील, दोन वर्षं पान कमी येईल. मग झुडूप परत वाळूत जाईल. तेव्हा मी असलो तर मी येईन, नाही तर माझ्या जागी असेल तो."

त्या संध्याकाळी तोकुनं राहिलेल्या पानातलं मूठभर जात्यात घातलं. घरातलं लहान जातं, एरवी नव्या सालाला निघायचं. ती बराच वेळ एका हातानं ते फिरवत बसली. दळलेली पूड वाटीत घेऊन गरम पाणी ओतलं, बांबूच्या कुंचल्यानं घुसळलं आणि आधी स्वतः प्यायली.

"कडू आहे," ती म्हणाली.

"आहे थोडं," कानेमात्सु म्हणाला.

तोकुनं उरलेली अर्धी वाटी नुईपुढं ठेवली. नुईनं ती दोन्ही हातांत धरली. तोंडाला लावायच्या आधीच वास आला आणि तिला वाटी खाली ठेवावी लागली. बापाची शेड, ओल्या लाकडाची वाफ, बाहेर धुकं, आणि बाप म्हणतोय, दार लाव, वास जातोय. तिनं डोळे पुसले नाहीत, वाटी परत उचलली. मग प्यायली.

"तुझ्या घरी असाच असायचा?" तोकुनं विचारलं.

"याच्याहून जास्त."

"मग तू म्हणाली होतीस ते बरोबर होतं. आमच्याला वास नाही." म्हातारीनं वाटी मागून घेतली, तळाशी राहिलेलं हिरवं बोटानं पुसून चाटलं. "उद्या मी बांधाकडनं धरते. तू मधनं धर."

दुसऱ्या दिवशीपासून दोघी उपसायला लागल्या. जूनचा दमट उकाडा, अधूनमधून पाऊस. हिवाळ्यात गाळ गोठून ढेकळं निघायची, आता तो चिखल होऊन फावड्याला चिकटायचा. मुळांना जपून, झुडपाभोवती हातानं खरवडायचं. एका झुडपाला अर्धा प्रहर जायचा. पांढरी मुळं हातात तुटून यायची. कानेमात्सु टोपलीची दोरी आवळून द्यायचा, पाणी आणून द्यायचा. रागानं स्वतःशीच काहीतरी पुटपुटायचा. बांधापलीकडं गाळाचा ढीग वाढत गेला. नदी भरली की तो आपोआप जाईल, असा हिशोब.

दहाव्या दिवशी गेन्ता सरपण विकून परत चालला होता. गाडी बांधाशी उभी करून तो ढिगाजवळ आला. ढिगात हात घातला.

"हा टाकायचा आहे?"

"टाकलाय की," नुई म्हणाली.

"मग मी नेतो. गाडी रिकामीच जातेय वर." त्यानं कपाळ पुसलं. "आमच्याकडं खडक उघडा पडलाय नुसता. झुडपं लावायची तर लावू कशात?"

तोकु कमरेवर हात ठेवून सरळ झाली. "वर नेऊन टाकशील आणि पहिल्या मोठ्या पावसात परत माझ्या शेतात पाठवशील."

"दगडी बांध घालतोय, मावशी. पाच झाले."

"किती उंच?"

गेन्तानं छातीशी हात धरून दाखवला. तोकुनं त्याच्याकडं आणि गाडीकडं पाहिलं. "एका गाडीनं काय होणार तुझं?"

"आठवड्याला दोन फेऱ्या होतात."

"ने मग. पण तो ओला खालचा नको भरूस, बैल मरेल. हा वरचा सुकलेला घे."

नुई फावडं घेऊन गाडीजवळ आली. दोघं भावंडं समोरासमोर उभी राहून भरायला लागली, तो एकीकडून, ती एकीकडून. फावडं कशाला लागून खणकन वाजलं की दोघांचेही हात थांबायचे. गेन्ता वाकायचा, बोटांनी माती बाजूला करायचा, दगड वर काढून दाखवायचा आणि फेकायचा. मग पुन्हा भरणं.

गाडी पाऊण भरली तेव्हा नुई म्हणाली, "दादा, सगळ्यात आधी कुठं टाकशील?"

"शेडच्या जागी. तिथनं सुरू करतो."

तिनं मान हलवली. गेन्तानं बैलाला हाक दिली, चाकं ओल्या वाळूत रुतली, हलली, आणि गाडी डोंगराच्या रस्त्याला लागली. नुई वळणापर्यंत बघत उभी राहिली नाही. तोकुनं पुढच्या झुडपाचा गाळ खरवडायला घेतला होता, ती सासूजवळ जाऊन बसली. या झुडपाखालची वाळू निघाली होती. थंड होती. नुईनं दोन्ही तळहात तिच्यात दाबून धरले, क्षणभर तसेच ठेवले, मग टोपली जवळ ओढली.